डोक्याला दगड लागला, चालत घरी आला… तरी पुढचे २४ तास धोक्याचे का?

पांढुर्णा/सौंसर : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवर गोटमार सुरू झाली की दुपारपर्यंत मदत केंद्रांत डोक्याला पट्ट्या बांधलेल्यांची रांग लागते. कोणाला चार टाके, कोणाला सात. टाके पडले, इंजेक्शन झालं की बहुतेकजण घरी जातात. काहीजण चंडी मातेचा अंगारा लावून पुन्हा पात्रात उतरतात. "काई नाई झालं, थोडं लागलं," हे वाक्य त्या दिवशी गावात सगळ्यात जास्त ऐकू येतं.

बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. पण डोक्याच्या माराचं गणित वेगळं आहे. ज्याच्या डोक्यातून भळाभळा रक्त गेलं तो चार दिवसांत कामाला लागतो, आणि ज्याला नुसतं टेंगूळ आलं तो रात्री जेवता-जेवता सुस्त होऊन बेशुद्ध पडू शकतो. कारण जीव घेणारं रक्त बाहेर वाहत नाही, ते आत साचतं. आणि आतला रक्तस्राव मार लागला त्या क्षणी संपत नाही. तो काही तास, कधी दोन-तीन दिवस वाढत राहतो.

पांढुर्णा आणि सौंसरच्या लोकांना हे नीट माहीत असणं जास्त गरजेचं आहे. एक तर इथे डोक्याला मार लागण्याचे प्रसंग भरपूर. दुसरं, मेंदूच्या ऑपरेशनसाठी इथून बहुतेक वेळा नागपूर गाठावं लागतं.

गोटमार एक दिवसाची, मार वर्षभराचा

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात. पांढुर्ण्याचे लोक तो झेंडा काढायला जातात आणि सावरगावचे लोक दगड मारून त्यांना अडवतात. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जात असताना नदीत अडकले आणि दोन्हीकडून दगड पडले, अशी आख्यायिका या प्रथेमागे सांगतात. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, जमावबंदी लावून पाहिली, गोफणीवर बंदी घातली. दगड थांबले नाहीत. २३ ऑगस्ट २०२५ च्या गोटमारीत जखमींचा आकडा हजाराच्या घरात गेल्याच्या बातम्या आल्या. आजवर डझनभराहून जास्त जीव यात गेले आहेत.

गोफणीवर बंदी का, याचं साधं कारण आहे. हाताने फेकलेल्या दगडापेक्षा गोफणीचा दगड कितीतरी वेगाने येतो, आणि वेग दुप्पट झाला की माराची ताकद चौपट होते. असा दगड डोक्यावर एकाच जागी बसतो. तिथली कवटी खचते, तडकते आणि खालची रक्तवाहिनी फाटते.

पण गोटमार वर्षातून एकच दिवस. बाकीच्या ३६४ दिवसांत नागपूर रोडवर मोटारसायकल घसरते, संत्र्याच्या बगिच्यात शिडीवरून मजूर पडतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पोरगं खाली येतं, न्हाणीघरात म्हातारा माणूस घसरतो. मार कसाही लागो, कवटीच्या आत पुढे जे घडतं ते सारखंच असतं.

कवटी म्हणजे झाकण बंद डबा

हाता-पायाला मार लागला तर तो भाग सुजतो. कातडी ताणते आणि सुजेला जागा मिळते. डोक्यात तशी सोय नाही. मोठ्या माणसाची कवटी हा हाडाचा बंद डबा आहे. त्यात साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा मेंदू, अंदाजे दीडशे मिलिलिटर मेंदूजल आणि जवळपास तेवढंच रक्त असतं. डबा गच्च भरलेला असतो. नवीन काही आत आलं तर आधीचं काहीतरी बाहेर जावं लागतं.

रक्त साचायला लागलं की शरीर आधी मेंदूजल खाली पाठीच्या कण्याकडे ढकलतं. मग शिरांमधलं रक्त बाहेर काढतं. अशी थोडी जागा होते. या काळात आतला दाब फारसा वाढत नाही आणि माणूस चांगला दिसतो. तो बोलतो, चहा पितो, "डोकं थोडं भणभणते" एवढंच म्हणतो.

ही जागा संपली की चित्र एकदम पालटतं. आता रक्त थोडंसं वाढलं तरी दाब झपाट्याने चढतो. पहिले दोन चमचे रक्त डब्याने सामावून घेतलं, पण तिसरा चमचा जीवावर उठतो. म्हणूनच नातेवाईक सांगतात, "अर्ध्या तासापूर्वी तर चांगला बोलत होता." ते खरंच सांगत असतात. आत रक्त आधीपासून साचत होतं, सहन करण्याची हद्द तेवढी नंतर संपली.

रक्त साचतं कुठे?

मेंदूभोवती आवरणं असतात. रक्त कोणत्या थरात साचलं यावर पुढचा वेग ठरतो.

पहिला प्रकार, कवटी आणि बाहेरचं जाड आवरण यांच्यामध्ये. कानाच्या वर, कानशिलाजवळ कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूला एक धमनी चिकटून जाते. हाड तडकलं की ती धमनी फाटू शकते. धमनीतलं रक्त हृदयाच्या जोराने येतं, त्यामुळे काही तासांतच मोठी गाठ तयार होते. तरुण पोरांत हा प्रकार जास्त दिसतो. वेळेत ऑपरेशन झालं तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो, कारण खालचा मेंदू पुष्कळदा धड असतो. उशीर झाला तर तोच धड मेंदू दाबून मरतो.

दुसरा प्रकार, जाड आवरणाच्या खाली. मेंदूच्या पृष्ठभागावरून आवरणाकडे बारीक शिरा गेलेल्या असतात. डोक्याला जोराचा हिसका बसला की त्या तुटतात. जोरदार अपघातात हे रक्त झपाट्याने साचतं आणि सोबत मेंदूलाही मार असतो, त्यामुळे हा प्रकार जास्त घातक. म्हाताऱ्या माणसांत मात्र तो अगदी हळू, आठवडे घेत वाढू शकतो.

तिसरा प्रकार, खुद्द मेंदूत. मेंदू मऊ असतो. मार बसल्यावर तो कवटीच्या आतल्या भागावर आपटतो आणि तिथे रक्ताळलेला ठेचा तयार होतो. मागे पडलेल्या माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग ठेचला जातो, कारण मेंदू आतल्या आत उसळून समोर आदळतो. गोटमारीत दगड कपाळावर बसून माणूस मागे नदीतल्या दगडांवर पडला तर त्याला दोन्ही बाजूंचा मार बसतो.

शुद्धीचा फसवा काळ

मार लागला, क्षणभर अंधारी आली, मग माणूस उठून बसला. पुढचे काही तास ठीक, आणि नंतर अचानक बेशुद्ध. या मधल्या काळाला डॉक्टर शुद्धीचा काळ म्हणतात. तो सगळ्याच रुग्णांत दिसत नाही, पण ज्यांच्यात दिसतो त्यांच्यात तो घरच्यांना हमखास फसवतो.

क्रिकेट पाहणाऱ्यांना रमण लांबा आठवत असतील. भारताकडून खेळलेला हा फलंदाज फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात क्लबचा सामना खेळत होता. फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या अगदी जवळ, तो हेल्मेटशिवाय उभा राहिला. षटकाचे थोडेच चेंडू उरले होते. फटका थेट डोक्यावर बसला. लांबा उठला आणि चालत ड्रेसिंग रूममध्ये गेला. थोड्या वेळाने तब्येत बिघडली, शुद्ध गेली. मेंदूवर ऑपरेशन झालं, पण २३ फेब्रुवारी १९९८ रोजी वयाच्या ३८ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

दुसरं उदाहरण वाचलेल्या माणसाचं आहे. १९६२ च्या मार्चमध्ये वेस्ट इंडीज दौऱ्यावर बार्बाडोसविरुद्ध खेळताना भारताचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू बसला. कवटी फुटली. तातडीने ऑपरेशन करावं लागलं. विंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिलं. आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनीही दिलं. काँट्रॅक्टर वाचले. पुढे कसोटी खेळले नाहीत, पण आयुष्य जगले. त्यांच्या डोक्यात बसवलेली धातूची पट्टी तब्बल साठ वर्षांनी, २०२२ मध्ये मुंबईत काढली.

ही दोन्ही माणसं मैदानावर, लोकांच्या डोळ्यांसमोर जखमी झाली. गोटमारीतला जखमी संध्याकाळी एकटा घरी जातो आणि झोपतो. त्याच्याकडे बघायला कोणी जागं नसतं, तिथेच खरा धोका आहे.

रक्त थांबत का नाही?

बोट कापलं तर पाच-सात मिनिटांत रक्त गोठतं. मेंदूत तसं का होत नाही? त्याला चार-पाच कारणं आहेत.

एक, मेंदूत रक्त गोठवण्याची प्रक्रिया सुरू करणारा घटक फार मोठ्या प्रमाणात असतो. मेंदू ठेचला की तो रक्तात सुटतो. सुरुवातीला भरमसाट गोठण सुरू होतं आणि गोठवणारी द्रव्यं त्यातच खर्ची पडतात. मग पुढच्या तासांत ज्या वाहिन्या बंद व्हायच्या त्या बंद होत नाहीत.

दोन, तयार झालेली गुठळी विरघळवणारी यंत्रणाही शरीरात असते. डोक्याच्या मारात ती जास्त जोरात चालते. बांधलेला बांध आतूनच फुटतो.

तीन, ठेचलेल्या भागाभोवतीच्या बारीक वाहिन्या त्या क्षणी फुटलेल्या नसतात, फक्त दुखावलेल्या असतात. पुढच्या काही तासांत त्या कमजोर होऊन झिरपू लागतात. त्यामुळे पहिल्या सीटी स्कॅनमध्ये सुपारीएवढा दिसणारा डाग दुसऱ्या स्कॅनमध्ये लिंबाएवढा होतो. मेंदूला असा ठेचा बसलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांत तो थोडाफार वाढतो. बहुतेक वाढ पहिल्या २४ तासांत होते.

चार, गोळ्या. हृदयासाठी किंवा लकव्यानंतर रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लहानसा मारही मोठा ठरतो. ॲस्पिरिनही त्यातच येते. मार लागल्यावर दुकानातून आणून घेतलेल्या काही पेनकिलर गोळ्याही गोठण्यात अडथळा आणतात.

पाच, दारू. रोज पिणाऱ्याचं यकृत बिघडलेलं असलं की गोठवणारी द्रव्यं आधीच कमी असतात. त्याहून मोठा घोळ म्हणजे मेंदूत रक्त साचलेला आणि प्यायलेला माणूस सारखेच दिसतात. दोघेही बरळतात, ओकतात, झोपतात. "पिऊन पडला आहे, झोपू द्या," म्हणून सोडलेला माणूस सकाळी उठत नाही, तो अनेकदा असा.

दाबाचा फास

रक्त वाढलं, दाब वाढला. पुढे काय होतं?

मेंदूपर्यंत रक्त पोचवायला हृदयाला आतल्या दाबावर मात करावी लागते. टाकी भरलेली असेल पण पाइपच दाबला गेला तर नळाला पाणी येत नाही, तसंच हे. मेंदूला रक्त कमी पडलं की पेशी सुजतात. सुजेने दाब आणखी वाढतो. दाबाने रक्त आणखी कमी. हा फास एकदा बसला की आपोआप आवळत जातो.

यात बाहेरून भर घालणाऱ्या दोन गोष्टी आहेत : ऑक्सिजन कमी पडणं आणि रक्तदाब खाली जाणं. बेशुद्ध माणूस उताणा पडलेला असेल, जीभ मागे पडली असेल, घशात उलटी अडकली असेल, तर मेंदूचं नुकसान दर मिनिटाला वाढतं. दुसऱ्या जखमेतून खूप रक्त गेलं असेल तरी तेच. म्हणजे दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास मोकळा ठेवणं हा निम्मा इलाज आहे.

दाब फारच वाढला की मेंदूचा एक भाग आतल्या अरुंद जागेतून खाली सरकतो. जाता-जाता तो डोळ्याची एक नस दाबतो आणि त्या बाजूची बाहुली मोठी होते, उजेड टाकला तरी लहान होत नाही. विरुद्ध बाजूचा हात-पाय लुळा पडतो. नाडी मंद होते, रक्तदाब चढतो, श्वास वेडावाकडा होतो. ही शेवटची घंटा आहे. इथून पुढे हाताशी मिनिटं असतात.

अंतराचा हिशेब

१९८१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेशुद्ध झालेल्या, आवरणाखाली रक्त साचलेल्या ८२ रुग्णांची पाहणी होती. मार लागल्यापासून चार तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांपैकी ३० टक्के दगावले. चार तासांनंतर ऑपरेशन झालेल्यांपैकी ९० टक्के. नंतरच्या अभ्यासांत फरक इतका टोकाचा आला नाही. पण गाठ दाब देत असेल तर लवकर काढली पाहिजे, यावर आज दुमत नाही.

आता हा हिशेब इथल्या रस्त्यांवर मांडून पाहा. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. सौंसरहून साठ-सत्तर. सौंसरहून छिंदवाड्याला जायचं तर मध्ये सिल्लेवानीचा घाट. खेड्यातून आधी पांढुर्णा किंवा सौंसरच्या सरकारी दवाखान्यात यायचं, तिथून चिठ्ठी घ्यायची, गाडी मिळवायची, मग नागपूर, तिथे सीटी स्कॅन, मग ऑपरेशन. सगळं सुरळीत झालं तरी चार तास सहज जातात.

शहरातल्या माणसाने "बघू, आणखी एक उलटी झाली तर नेऊ" म्हटलं तर त्याच्या हातात थोडा वेळ असतो, दवाखाना दहा मिनिटांवर आहे. मोहगाव, नांदनवाडी किंवा लोधीखेड्याकडच्या माणसाला ही चैन परवडत नाही. जितकं अंतर जास्त, तितका निर्णय लवकर. पूर्ण बेशुद्ध होण्याची वाट बघितली तर निघतानाच उशीर झालेला असतो.

पैशाच्या काळजीने नागपूरला जायला मागे-पुढे पाहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आयुष्मान कार्ड राज्याची सीमा ओलांडल्यावरही, योजनेत असलेल्या रुग्णालयात चालतं. निघताना कार्ड आणि आधार सोबत घ्यावं.

या खुणा दिसल्या की थांबू नका

डोक्याला मार लागल्यानंतर पुढीलपैकी एकही खूण दिसली तर तडक दवाखाना :

– मार लागताना थोडा वेळ का होईना शुद्ध गेली होती
– दोन किंवा जास्त उलट्या
– डोकेदुखी कमी न होता वाढत चालली
– सुस्ती, हाक मारली तर उशिरा उत्तर, हलवलं तरी नीट जाग न येणं
– तेच-तेच विचारणं, माणसं किंवा वार न ओळखणं, एकदम चिडखोर होणं
– बोबडी वळणं, एका बाजूचा हात किंवा पाय कमजोर पडणं, तोल जाणं
– फिट येणं
– दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं
– नाकातून किंवा कानातून रक्त किंवा पाण्यासारखं पातळ द्रव येणं
– डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळं-निळं पडणं
– कवटीवर खड्डा हाताला लागणं

वय ६५ पेक्षा जास्त असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा उंचावरून पडणं झालं असेल, तर खूण दिसायची वाट न पाहता तपासून घ्यावं. लहान बाळ सारखं रडत असेल, दूध घेत नसेल किंवा टाळू फुगलेली वाटली तरी तसंच.

काय करायचं, काय नाही

बाहेरच्या जखमेवर स्वच्छ कापडाने दाब द्यावा. पण हाड खचल्यासारखं लागत असेल तर त्या जागेवर जोर देऊ नये. जखमेत हळद, राख, चहापत्ती काही भरू नये. त्याने रक्त थांबल्यासारखं वाटतं, पण हाड उघडं असेल तर जंतू थेट आत जातात. अंगाऱ्यावर श्रद्धा असेल तर तो कपाळाला लावावा, जखमेत नाही. कानातून-नाकातून पाणी येत असेल तर बोळे कोंबू नयेत.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. उलटी होत असेल तर मान, पाठ सरळ रेषेत ठेवून दोन-तीन जणांनी मिळून त्याला कुशीवर वळवावं. फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवणं आणि दातांत चमचा घालणं, दोन्ही बंद. खांद्यावर टाकून किंवा मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेऊ नये, मानेलाही मार असू शकतो. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत श्वासाकडे लक्ष ठेवावं.

दुखण्यासाठी साधी पॅरासिटामॉल चालते, ती गोळीही डॉक्टरला विचारून. झोपेची गोळी आणि दारू अजिबात नाही.

डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं तर पहिली रात्र कोणीतरी जाणतं माणूस सोबत पाहिजे. झोपूच द्यायचं नाही, असं नसतं. झोपेने रक्त वाढत नाही. पण झोप आणि बेशुद्धी यांतला फरक कळला पाहिजे. म्हणून दर दोन तासांनी उठवावं, नाव विचारावं, कुठे आहेस विचारावं, दोन्ही हातांनी बोट घट्ट धरायला लावावं. नीट उत्तर आलं, पकड सारखी लागली, तर पुन्हा झोपू द्यावं. नाही आलं तर गाडी काढावी, सकाळची वाट बघू नये.

"स्कॅन नॉर्मल आहे" म्हणजे सुटलो?

बऱ्याच अंशी हो, पूर्ण नाही. सीटी स्कॅन हा त्या क्षणाचा फोटो असतो. मार लागल्यावर फार लवकर काढला तर उशिराने वाढणारा रक्तस्राव त्यात दिसत नाही. म्हणून डॉक्टर काही रुग्णांना भरती ठेवतात आणि काही तासांनी पुन्हा स्कॅन सांगतात. दुसरा स्कॅन म्हणजे बिल वाढवायचा धंदा, असं समजून सुट्टी मागणारे नातेवाईक अनेकदा चुकतात. पहिल्या स्कॅनमध्ये छोटा डाग होता आणि तो वाढला का, हे बघायला दुसरा मार्ग नाही.

इलाजात गाठ मोठी असेल तर कवटी उघडून रक्त काढतात. बाहेरच्या आवरणावरची गाठ ३० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे मोठ्या दोन चमच्यांहून अधिक असेल, तर रुग्ण शुद्धीत असला तरी ऑपरेशनचा सल्ला असतो. लहान गाठ नजरेखाली ठेवतात, ती बरेचदा आपोआप जिरते.

रक्त वाढू नये म्हणून ट्रानेक्सॅमिक ॲसिड नावाचं इंजेक्शन आहे. ते तयार झालेली गुठळी विरघळू देत नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १२,७३७ रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला. मार हलका ते मध्यम असलेल्यांना तीन तासांच्या आत हे इंजेक्शन दिलं तर डोक्याच्या मारामुळे होणारे मृत्यू कमी झाले. अतिगंभीर रुग्णांत तसा फायदा दिसला नाही. औषध महाग किंवा दुर्मिळ नाही, बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठीही ते वापरतात. ते कोणाला द्यायचं हे डॉक्टर ठरवतील. पण तीन तासांत डॉक्टरपुढे पोचणं हे मात्र घरच्यांच्या हातात आहे.

म्हाताऱ्यांचं दुखणं महिन्यानंतर

एक प्रकार वेगळा सांगायला हवा. वय वाढलं की मेंदू थोडा आक्रसतो आणि त्याला आवरणाशी जोडणाऱ्या शिरा ताणल्या जातात. न्हाणीघरात साधं डोकं आपटलं, दाराची चौकट लागली, तरी एखादी शीर झिरपू लागते. आत जागा असल्याने लगेच काही कळत नाही. तीन आठवड्यांनी, महिन्याने आजोबा विसरायला लागतात, पाय ओढत चालतात, दिवसभर झोपतात. घरचे म्हणतात, "वय झालं." काहीजण लकवा समजून त्यावरचं झाडपाल्याचं औषध आणतात.

हे जुनं साचलेलं रक्त बहुतेकदा कवटीला लहान छिद्र पाडून काढता येतं, आणि पुष्कळ रुग्ण पुन्हा चालू-बोलू लागतात. म्हणून म्हाताऱ्या माणसात अचानक बदल दिसला तर "गेल्या दोन महिन्यांत पडले होते का?" हा प्रश्न घरच्यांनी स्वतःला आणि डॉक्टरांना सांगताना आठवावा.

गोटमारीच्या दिवशी काय बदलता येईल?

प्रथा बंद व्हावी की नाही, यावर पांढुर्णा आणि सावरगावात मतं आहेत आणि राहतील. पण त्या दिवशी डोक्याला दगड लागलेल्या माणसाचं पुढे काय होतं, यावर मतभेद असायचं कारण नाही. जो उतरणार त्याच्या डोक्यावर हेल्मेट असावं. ज्याला डोक्यावर दगड बसला त्याने टाके घालून पुन्हा पात्रात जाऊ नये, कारण दुसरा मार पहिल्यापेक्षा महागात पडतो. पट्टी बांधणाऱ्याने जखमीसोबत आलेल्या माणसाला धोक्याच्या खुणा दोन मिनिटांत सांगाव्यात. आणि घरच्यांनी त्या रात्री दर दोन तासांनी त्याला उठवून नाव विचारावं.

नाव नीट सांगितलं तर बरं. नाही सांगितलं तर नागपूर शंभर किलोमीटर आहे, हे आठवावं आणि निघावं.